जळीत वॉर्डातलं घड्याळ

"किती टक्के?" जळिताचा रुग्ण दवाखान्यात पोचला की बाहेर जमलेल्या भावकीचा पहिला प्रश्न हाच असतो. कसं झालं, कुठं झालं हे नंतर. आतून कुणीतरी "साठ" म्हणतं आणि त्या एका आकड्यावर बाहेरची माणसं पुढचं सगळं ठरवून टाकतात. खरं तर हा आकडा म्हणजे पहिला अंदाज असतो. ब्रिटिश शल्यचिकित्सक वॉलेस यांनी १९५१ मध्ये रूढ केलेला नवाचा नियम आजही प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शिकवला जातो. मोठ्या माणसाचं डोकं नऊ टक्के, एकेक हात नऊ, एकेक पाय अठरा, पोट-छाती अठरा, पाठ अठरा आणि उरलेला एक टक्का जननेंद्रियांचा. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं, म्हणून तिथं डोक्याला अठरा आणि पायांना कमी. विखुरलेल्या डागांसाठी रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे एक टक्का. नुसती लाल झालेली कातडी या हिशेबात धरायची नसते. घाईत ती धरली जाते आणि तीस टक्क्यांचा रुग्ण कागदावर पन्नास टक्क्यांचा होतो.

टक्केवारी इतकी महत्त्वाची का, हे म्हसवडच्या नकाशावरून चांगलं कळतं. माणगंगेच्या काठचं, सिद्धनाथाच्या रथयात्रेचं आणि घोंगड्यांचं हे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. एका बाजूला सांगली जिल्ह्यातली आटपाडी, दुसऱ्या बाजूला सोलापूर जिल्ह्यातले माळशिरस आणि सांगोला. तीन जिल्ह्यांच्या सांध्यावरच्या गावाला तिन्ही जिल्हा रुग्णालयं लांब पडतात. तालुक्याचं ठिकाण दहिवडी गोंदवल्याच्या पुढं, पंचवीसेक किलोमीटरवर. सातारा सुमारे नव्वद. सांगली-मिरज शंभराच्या पुढं, सोलापूर त्याहून लांब. हाडमोड असेल तर फळ्या बांधून एवढा प्रवास निभतो. जळिताचं तसं नाही, कारण भाजलेल्या शरीरातून पाणी गळत असतं.

मोठ्या भाजण्यात आगीनं कातडी जाते ते डोळ्यांना दिसतं. त्याच वेळी आत रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी, क्षार, प्रथिनं बाहेरच्या ऊतींत झिरपू लागतात. पहिल्या चोवीस तासांत हे गळणं सर्वांत जास्त असतं. माणूस सुजून दुप्पट दिसतो आणि त्याच्या शिरा मात्र रिकाम्या होतात. यावरचा हिशेब अमेरिकेतल्या डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलात चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६८ मध्ये मांडला. वजनाचा प्रत्येक किलो आणि भाजण्याचा प्रत्येक टक्का यांच्या गुणाकाराला चार मिलिलिटर रिंगर लॅक्टेट हे सलाईन. पन्नास किलोची बाई चाळीस टक्के भाजली तर चोवीस तासांत आठ लिटर. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. आणि हे आठ तास मोजायचे ते भाजल्याच्या क्षणापासून, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे.

आता समजा ही बाई सकाळी सातला भाजली. गाडी शोधण्यात, कुणाला फोन करायचा आणि कुणाला नाही यावर खल होण्यात दीड-दोन तास गेले. नऊला जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, तर दुपारी तीनपर्यंतच्या सहा तासांत चार लिटर पोचवायचे, म्हणजे तासाला साडेसहाशे मिलिलिटरच्या वर. हेच सलाईन साताऱ्यात बाराला लागलं तर तासाला तेराशेच्या पुढं. पहिल्या ठिकाणच्या सिस्टरनं सुजायच्या आधी दोन जाड सुया शिरेत घातल्या, लघवीची नळी टाकली, वेळ लिहिली आणि मग रुग्ण पुढं पाठवला तर उरलेला प्रवास तरून जाण्याची शक्यता वाढते. तिनं 'रेफर' एवढाच शब्द लिहून कागद हातात दिला, तर मोठ्या रुग्णालयातल्या सगळ्या यंत्रांना पुढचे दोन दिवस ही तूट भरून काढण्यात घालवावे लागतात. जळिताच्या उपचारावरची बहुतेक चर्चा मोठ्या शहरांतल्या युनिटांभोवती फिरते. मरण-जगण्याचा बराचसा निकाल मात्र पहिल्या टप्प्यावरच्या परिचारिकेच्या हातात लागतो आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, ही महाराष्ट्राची जमेची बाजू. पण सलाईनच्या चार बाटल्या आणि त्या रिकाम्या होताना बदलणारा हात असेल तरच त्या डॉक्टरचा उपयोग.

त्याच्याही आधीचा अर्धा तास घरात आणि अंगणात जातो. "पाणी नगं लावू, फोड येत्याल," हे वाक्य म्हसवडच्या या माणदेशातच नव्हे, साऱ्या महाराष्ट्रात ऐकू येतं. त्याऐवजी शाई, टूथपेस्ट, हळद, काव, तूप, कधी माती. यातलं काहीही जखमेची आच कमी करत नाही. उलट वॉर्डात पोचल्यावर निळ्या शाईखाली भाजणं किती खोल आहे ते कळत नाही आणि ते खरवडून काढताना रुग्णाला दुसऱ्यांदा भाजल्यासारखं होतं. वैद्यकशास्त्राचं सांगणं साधं आहे. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा फायदा होतो. बर्फ नको, आणि बरंच अंग भाजलं असेल तर माणूस गारठणार नाही इतपतच.

टँकरच्या गावात वाहतं पाणी वीस मिनिटं कुठून आणायचं, हा प्रश्न परदेशी पुस्तकांना पडत नाही. म्हसवडच्या आसपासच्या वाड्यांवर तो दर उन्हाळ्यात पडतो. उत्तर आहे: स्वच्छ पाण्याची एक बादली आणि तांब्या, भाजल्या भागावर संथ धार, तेही नसेल तर ओलं सुती फडकं, ते तापलं की बदलायचं. आणखी एक गोष्ट या गावाकडं आधीपासून आहे. पेटलेल्या माणसावर टाकायला घोंगड्याइतकं चांगलं पांघरूण क्वचितच मिळेल. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि पेटली तरी ज्योत धरून ठेवत नाही. बाजारातलं स्वस्त मऊ ब्लँकेट मात्र कृत्रिम धाग्याचं असतं. ते वितळून कातडीला चिकटतं, नायलॉनच्या साडीसारखंच. आग विझली की घोंगडंही लगेच काढायचं, कारण ते आतली उष्णता कोंडून ठेवतं. बांगड्या, जोडवी, अंगठ्या सूज चढायच्या आत उतरवायच्या. हे काम घरचं माणूस संकोचानं टाळतं आणि मग ते सिस्टरला कटरनं करावं लागतं.

किती माणसं भाजतात याचे आकडे वेगवेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार मृत्यू भाजण्यानं होतात आणि भारतात दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं भारतात २००१ या एकाच वर्षात आगीनं सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. पोलिसांच्या नोंदींपेक्षा तो कितीतरी मोठा होता. मृतांतल्या जवळपास दोनतृतीयांश स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. स्टोव्हचा भडका या दोन शब्दांमागं किती अपघात, किती आत्महत्या आणि किती खून होते, हे त्या आकड्याला सांगता येत नाही. जळीत वॉर्डातल्या सिस्टरला पुष्कळदा सांगता येतं. त्याकडं पुढं येऊ.

आता चित्र बदलतं आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, रॉकेल शिधापत्रिकेवरून जवळपास गेलं, पितळी स्टोव्ह माळ्यावर पडला. तरी चूल, बंब आणि अंघोळीच्या कढत पाण्याचं पातेलं आहेच, आणि पातेल्यात पडणारं दोन-तीन वर्षांचं मूलही. सातारा-सांगली पट्ट्यात गुऱ्हाळाची काहील आहे. उकळत्या काकवीचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, कारण ती अंगाला चिकटून राहते. शेतात मोटारीच्या आणि तारांच्या विजेनं भाजणं आहे. विजेचा रुग्ण तर टक्केवारीलाच चकवतो. बाहेर हातावर एक आणि तळपायावर एक असे दोन काळे ठिपके, आत सगळा स्नायू शिजलेला. त्याच्या लघवीचा रंग लालसर-तपकिरी झाला की सलाईन वाढवावं लागतं, नाहीतर मूत्रपिंडं बंद पडतात. तासगाव तालुक्यातलं कवठेएकंद दसऱ्याच्या शोभेच्या दारूकामासाठी नावाजलेलं. तिथं २०१५ मध्ये फटाक्यांच्या कारखान्यातल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. आणि २५ जानेवारी २००५ ची मांढरदेव यात्रा सातारा जिल्हा विसरणार नाही. चेंगराचेंगरी, पाठोपाठ दुकानांना लागलेली आग, फुटलेले गॅस सिलिंडर, आणि २९० हून अधिक मृत्यू. अशा दिवशी एकेका रुग्णाला एकेक सिस्टर हा विचारच करता येत नाही. कोण वाचण्याजोगं आहे हे दारातच ठरवावं लागतं.

वॉर्डात रुग्ण आला की सिस्टर आधी भाजलेल्या जागेकडं बघत नाही, तोंडाकडं बघते. नाकातले केस करपलेत का, थुंकीत काजळी आहे का, आवाज घोगरा झालाय का. बंद खोलीतली आग असेल तर धूर फुप्फुसात गेलेला असतो आणि घसा तासा-दोन तासांत सुजून बंद होऊ शकतो. सकाळी नीट बोलणारा माणूस दुपारी श्वासासाठी तडफडतो. घशात नळी घालायची ती त्याच्या आधी. गळा, छाती किंवा हात सगळीकडून गोल भाजला असेल तर करपलेली कातडी दोरीसारखी आवळते. बोटांची टोकं गार आणि निळी पडू लागली, नाडी लागेना झाली की सर्जनला बोलवायचं आणि ती कातडी उभी चिरून मोकळी करायची. हे बोलावणं रात्री दोनला करावं लागलं तरी करायचं, आणि ते बहुतेक वेळा सिस्टरच करते.

मग सुरू होतो तासाचा हिशेब. पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी हे जळीत वॉर्डातलं खरं घड्याळ. पन्नास किलोच्या रुग्णाची दर तासाला तीस ते पन्नास मिलिलिटर लघवी व्हायला हवी. मुलांमध्ये किलोमागं एक मिलिलिटर. कमी झाली तर सलाईन वाढवा, जास्त झाली तर कमी करा. पार्कलँडचा गुणाकार ही फक्त सुरुवात असते. पुढची गाडी या पिशवीवर चालते. अलीकडं बरेच तज्ज्ञ चारऐवजी दोन-तीन मिलिलिटरपासून सुरुवात करायला सांगतात, कारण भीतीपोटी ओतलेलं जास्तीचं सलाईन फुप्फुसात आणि पोटात साचून वेगळाच घात करतं. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते आणि ती टाळण्याचा मार्ग एकच आहे: दर तासाला वाकून, पिशवीवरची रेघ वाचून, तक्त्यात आकडा लिहिणं. रात्रपाळीला चाळीस रुग्णांत एक सिस्टर असेल तर हा आकडा सकाळी सहाला एकदम भरला जातो. असा तक्ता कसा ओळखायचा हे प्रत्येक अनुभवी परिसेविकेला माहीत असतं: एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात लिहिलेले बारा आकडे.

नातेवाइकांना सगळ्यांत विचित्र वाटते ती ऊब. बाहेर माणदेशी एप्रिल, आणि सिस्टर टेबल फॅन बंद करायला लावते. कातडी नसलेलं शरीर उष्णता धरून ठेवू शकत नाही, म्हणून खोली तीस अंशांच्या आसपास हवी. पंख्यानं गार वाटेल, पण रुग्ण कुडकुडायला लागेल आणि वाऱ्याबरोबर एका पलंगावरचे जंतू दुसऱ्यावर जातील.

ड्रेसिंगची सकाळ मात्र कुणाला बघवत नाही. नीट चालणाऱ्या वॉर्डात अर्धा तास आधी वेदनाशामक दिलं जातं. मॉर्फिनसारखं औषध हाताशी असेल तर ते. कुलपाच्या कपाटाची किल्ली आणि रजिस्टरवरची सही यांत अडकलं असेल तर साधं इंजेक्शन. आदल्या दिवसाची जाळी जखमेला चिकटलेली असते. ती ओढायची नसते. सलाईननं भिजवायची, थांबायचं, पुन्हा भिजवायची, आणि कडेकडेनं, केसांच्या दिशेनं सोडवायची. वास येतो. सुडोमोनास जंतूचा वास गोडसर आणि ड्रेसिंगवर हिरवट डाग. एकदा ओळखीचा झाला की प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच सिस्टर डॉक्टरला सांगते. हे करताना ती बोलत राहते. "ताई, आता डावा हात. झाला. आता बोटं, पाच मोजा." कुठला भाग आधी करायचा हे रुग्णाला ठरवू दिलं तर कळ तीच असते, पण ती थोडी सोसवते. चाळीस टक्क्यांच्या एका ड्रेसिंगला दोन जणी आणि तास-दीड तास लागतो. घाईत ते वीस मिनिटांत उरकतं, आणि किंकाळी व्हरांड्यापर्यंत जाते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत रुग्ण पाणी कमी पडल्यानं दगावतो, पुढं जंतुसंसर्गानं. सुडोमोनास, क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर ही नावं वॉर्डातल्या मावशींनाही पाठ असतात. भारीतलं अँटिबायोटिक लिहून देणं सोपं आहे. दोन रुग्णांच्या मधे हात धुणं, प्रत्येकाला वेगळा ॲप्रन आणि भेटायला आलेल्या वीस जणांना दारातून परत पाठवणं हे अवघड, कारण त्यात माणसं दुखावतात. "आमचं माणूस मरतंय आणि ही बाई आत सोडत नाही" हे सिस्टरनं रोज ऐकायचं.

जखमेवर काय लावायचं या प्रश्नात महाराष्ट्रानं जगाला काही दिलं आहे. १९८० च्या दशकात मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून ड्रेसिंग म्हणून वापरल्या आणि १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. साल ओलावा धरते, चिकटत नाही, काढताना दुखत नाही. पुढं शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासलं. पान बटाट्याच्या सालीइतकंच चांगलं ठरलं, आणि खर्च आणि खटाटोप दोन्ही कमी. म्हसवडच्या जवळचं उदाहरण सोलापूरचं. तिथल्या वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे जळिताचं मलम यांची १०४ रुग्णांत तुलना केली आणि १९९१ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात ती छापून आली. मधाबद्दलच्या जगातल्या आढाव्यांत सोलापूरच्या अभ्यासांची दखल घेतली जाते. आक्षेपही घेतले जातात, मुख्य म्हणजे बरेचसे पुरावे एकाच संशोधकाचे. हे सगळं वरवरच्या भाजण्यासाठी, निर्जंतुक साहित्यानं आणि वॉर्डात. मांघर हे 'मधाचं गाव' याच सातारा जिल्ह्यात असलं तरी घरच्या बरणीतला मध खोल जखमेवर ओतणं म्हणजे शाईचाच दुसरा अवतार.

खोल जखमेला कातडीच लागते. युगोस्लाव्हियातल्या मारिबोर गावच्या झोरा यान्झेकोविच यांनी करपलेला थर पातळ पातळ कापून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत १९७० मध्ये जगापुढं मांडली आणि महिनोन्महिने खपली गळायची वाट बघणं मागं पडलं. पण निम्म्याहून जास्त अंग भाजलेल्याची स्वतःची कातडी पुरणार कुठून? म्हणून त्वचापेढी. देशातली पहिली त्वचापेढी डॉ. गोरे यांच्याच प्रयत्नांतून २००० मध्ये शीवच्या रुग्णालयात सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती आहे. मृत्यूनंतर सहा तासांत मांड्या आणि पाठीवरून त्वचेचा पातळ थर घेता येतो. रक्तगट जुळवावा लागत नाही आणि ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा काही वर्षं टिकते. ती कायमची रुजत नाही. दोन-तीन आठवडे पांघरूण घालून रुग्णाला तगवते. डोळे दान करायला गावं तयार झाली आहेत, कातडीचं नाव काढलं की अजून माणसं बिचकतात.

आहाराबद्दल बोलताना डॉक्टर दोन ओळी लिहितात, आणि त्या पोटात उतरवायचं काम सिस्टरवर येतं. मोठ्या भाजण्यात शरीर स्वतःलाच खायला लागतं. चाळीस टक्के भाजलेल्या पन्नास किलोच्या बाईला जुन्या करेरी सूत्रानं दिवसाला सुमारे २८५० उष्मांक लागतात. म्हणजे ज्वारीच्या आठ भाकरी, जिला अर्धी गिळवत नाही तिला. प्रथिनं किलोमागं दोन ग्रॅम धरली तर शंभर ग्रॅम, म्हणजे सोळा अंड्यांइतकी. त्यात घरच्यांची पथ्यं: अंड्यानं पू होतो, वांग्यानं चिघळतं, डाळीनंही चिघळतं. उरतं काय, तर तांदळाची पेज. म्हणून पहिल्याच दिवसापासून नाकातल्या नळीनं दूध, अंडं, शेंगदाण्याचं कूट असलेलं पातळ अन्न थोडं थोडं द्यावं लागतं. सासूला समजावणं हासुद्धा उपचाराचाच भाग, आणि मासिक वजन-तक्ता दाखवण्यापेक्षा शेजारच्या पलंगावरची अंडी खाऊन उठून बसलेली बाई दाखवली तर ते लवकर पटतं.

भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत बरं वाटतं त्याच स्थितीत तो आखडतो. गळा भाजला असेल तर उशी सुखाची, पण उशीवर महिना काढला तर हनुवटी छातीला चिकटते. म्हणून उशी काढून खांद्याखाली गुंडाळी. काख भाजली तर हात अंगापासून लांब, काटकोनात. बोटं पट्टीवर सरळ, मधे जाळीचे तुकडे, नाहीतर ती एकमेकांना जुळून जातात. दर दोन तासांनी हे सगळं पुन्हा बसवायचं, रुग्णाच्या शिव्या खात. माणदेशातल्या बाईच्या दृष्टीनं हाताची खरी परीक्षा खुरपं धरता येणं आणि भाकरी थापता येणं हीच. थापायला मनगट मागं वळावं लागतं, तळवा सपाट उघडावा लागतो. पट्टीशिवाय गेलेल्या तीन आठवड्यांनंतर ते होत नाही.

आणि आता तो राहिलेला विषय, स्टोव्हच्या भडक्याचा. भाजलेल्या विवाहित स्त्रीची केस पोलिसात नोंदवावी लागते. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर हुंडाबळीचं कलम डोक्यावर असतं, जे १९८६ मध्ये भारतीय दंडविधानात आलं आणि आता न्यायसंहितेत गेलं. जबाब घ्यायला तहसीलदार किंवा दंडाधिकारी येतात. डॉक्टर शुद्धीचा दाखला देतात. २००२ च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असा दाखला नसला तरी जबाब ग्राह्य धरता येतो, असं ठरवलं. कागदाच्या या खटाटोपात सिस्टरचं स्थान कुठंच नाही. पण दिवसभर "स्टोव्ह भडकला" म्हणणारी बाई, नवरा-सासू पलंगाशेजारून उठली की रात्री तीनला दुसरंच काही सांगते, ते ऐकणारी तीच असते. तिनं काय करावं? पोलिसांचं काम अंगावर घ्यायचं नाही, प्रश्न विचारून उत्तरं काढायची नाहीत. रुग्ण जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत, वेळेसह नोंदवहीत लिहायचं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला कळवायचं. वेदनाशामक किती वाजता दिलं हेही लिहिलेलं हवं, कारण बाई शुद्धीत होती का यावर कोर्टात पुढं कीस पडतो. आणि जबाब व्हायचाय म्हणून कुणाला तळमळत ठेवणं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

हे सगळं करायला माणसं किती? भारतीय परिचर्या परिषदेचा जुना दंडक शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागं एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागं एक परिचारिका असा आहे. अतिदक्षता विभागात एकास एक. सरकारी वॉर्डात पाय ठेवलेल्या कुणालाही हे आकडे वाचून हसू येईल. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोतामार्फत भरती करण्याच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा चर्चा झाली ती रुग्णांच्या हालांची. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी आलेली मुलगी हिरव्या डागाचा वास ओळखायला शिकेपर्यंत तिची मुदत संपते, हा मुद्दा बाजूलाच राहिला. कायम सिस्टरचीही दर काही महिन्यांनी वॉर्डबदली होते. केंद्र सरकारनं २०१० पासून जळीत प्रतिबंध आणि उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्यात वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयांत जळीत कक्ष उभारायचे आणि मनुष्यबळ तयार करायचं होतं. इमारत उभी राहिली की फीत कापता येते. त्या इमारतीत पाच वर्षं टिकलेली परिसेविका कुणाच्या अहवालात दिसत नाही. मिरजेला वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. परिचारिका तयार करण्याची परंपरा या पट्ट्यात तेव्हापासूनची आहे. शिकलेल्या मुलींची इथं वाण नाही, त्या पुण्या-मुंबईला आणि आखातात जातात.

पैशाचं ओझं काहीसं हलकं झालं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात आणि २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली, कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांपर्यंत. ॲसिड हल्ल्यातल्या रुग्णाला सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयानं मोफत उपचार नाकारायचे नाहीत, असा कायदाच आहे. पण योजना मोजते ते पलंगावरचे दिवस. जळिताचं दुखणं त्यानंतर वर्ष-दोन वर्षं चालतं. व्रण जाड होऊ नयेत म्हणून अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे दिवसाचे तेवीस तास घालायचे, तेही म्हसवडच्या उन्हात. खाज रात्रभर झोपू देत नाही. खोबरेल लावून रोज मालीश, ताणाचे व्यायाम, ऊन टाळणं. पहिल्या महिन्यात हे सगळं होतं. मग सुगी येते, कपडे सैल होतात, नवे शिवायला पुन्हा शंभर किलोमीटर कोण जाणार?

कपड्यांहून अवघड असतात त्या लोकांच्या नजरा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड गावी आर्चिबाल्ड मॅकिन्डो जळालेल्या वैमानिकांवर उपचार करत. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा लवकर भरतात हे पाहून त्यांनी खाऱ्या पाण्याचे टब सुरू केले. तिथल्या परिचारिका हे टब चालवायच्या. रुग्णांना बरे व्हायच्या आधीच गावात, खानावळीत, सिनेमाला पाठवलं जाई, आणि टक लावून न बघणारं गाव म्हणून ईस्ट ग्रिनस्टेडची ख्याती झाली. ते वैमानिक वीर होते; इथली गोष्ट वेगळी. सासरी भाजलेली मुलगी माहेरी परतते तेव्हा तिच्याकडं बघणाऱ्या नजरांत आधी प्रश्न असतो: हिनं स्वतः केलं की हिला केलं? ती पदर पुढं ओढते, बाजारला जात नाही, आणि घट्ट कपडे घालायचं सोडून देते कारण ते लोकांना दिसतात.

इथं आशा आणि आरोग्य सेविका यांना काम आहे, आणि त्यासाठी नवी इमारत लागत नाही. गावात लहान मुलांच्या लसीची, गरोदर बायांच्या तपासणीची यादी त्यांच्याकडं असतेच. त्याच वहीत जळितातून परतलेल्या माणसाचं एक पान वाढवायचं. कोपर पूर्ण सरळ होतं का, मान वर होते का, बोटं उघडतात का, महिन्यातून एकदा बघायचं आणि आखडायला लागलं तर लगेच पाठवायचं. म्हसवडला २००८ पासून माणदेशी फाउंडेशनचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे आणि १९९७ पासून बायांनी चालवलेली सहकारी बँकही. ज्या रेडिओवर बायका खतापासून कर्जापर्यंतचं ऐकतात, त्याच लहरीवरून पाण्याच्या बादलीचं, तांब्याचं आणि शाई न लावण्याचं सांगता येईल. पुढं कातडी दान करण्याचंही, पण त्यासाठी आधी सहा तासांच्या आत म्हसवडपर्यंत पोचणारं पथक साताऱ्यात किंवा सांगलीत तयार असायला हवं.